एक आणि चार मिसळल्यावर काहीच झालं नाही

शनिवारची दुपार. तालुक्याच्या गावातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. बाहेर पावसाची बुरबुर, आत ओल्या दप्तरांचा वास आणि त्याखाली वर्षानुवर्षं मुरलेला हायड्रोजन सल्फाइडचा. बारावीची मुलं दोघादोघांच्या जोड्या करून टेबलांशी उभी आहेत. प्रत्येक जोडीपुढे लाकडी स्टँड, त्यात चार परीक्षानळ्या, चारही नळ्यांत पाण्यासारखं रंगहीन द्रावण. नळ्यांवर नुसते आकडे. फळ्यावर चार नावं लिहिली आहेत: सोडियम कार्बोनेट, हायड्रोक्लोरिक आम्ल, बेरियम क्लोराइड, सोडियम सल्फेट. खाली एकच ओळ: या चार नळ्या आणि रिकाम्या नळ्या सोडून दुसरं काहीही न वापरता कोणत्या नळीत काय आहे ते सांगा.

लिटमस नाही, बर्नर नाही. बाटल्यांच्या कपाटाला कुलूप आणि किल्ली प्रयोगशाळेच्या मामांच्या खिशात.

"मॅडम, सॉल्ट ॲनालिसिसचा तक्ता बघितला तर चालेल?"

"बघ ना. पण त्यातली रीएजंटं कुठून आणशील?"

बेरियमची संयुगं विषारी असतात, म्हणून हातमोजे घाला, एवढीच सूचना मिळाली. त्यानंतर मॅडम खुर्चीवर बसल्या ते बराच वेळ उठल्या नाहीत. दहा मिनिटं नुसती कुजबुज. मग एका मुलीने वहीत चौकट आखली. चार नळ्यांच्या जोड्या सहाच होतात. सहाही जोड्या थोड्याथोड्या मिसळून पाहायच्या, जे दिसेल ते लिहायचं. आम्ल आणि कार्बोनेट एकत्र आले की बुडबुडे. बेरियम कार्बोनेटला भेटला की पांढरा अवक्षेप, सल्फेटला भेटला तरी पांढरा अवक्षेप. बाकी तीन जोड्यांत सामसूम. म्हणजे जिच्यामुळे दोनदा अवक्षेप पडला ती बेरियमची नळी. जिच्यात एकदा बुडबुडे आणि एकदा अवक्षेप, ती कार्बोनेटची. नुसते बुडबुडे असतील तर आम्ल, नुसता एक अवक्षेप असेल तर सल्फेट. चौघांची चार वेगळी लक्षणं.

पण खिडकीजवळच्या जोडीचं गणित बसेना. त्यांच्या दोन नंबरच्या नळीने तीन आणि चार या दोघींबरोबर अवक्षेप दिला. बाकी सगळीकडे शून्य. एक आणि चार मिसळल्यावर काहीच झालं नाही. बुडबुडे कुठेच नाहीत. दोघांनी पुन्हा करून पाहिलं. चार नंबरची नळी अर्धी भरलेली, तिच्यात एक नंबरचे चार-पाच थेंब, प्रत्येक थेंबानंतर नीट हलवणं. तरीही काही नाही.

मॅडमनी त्यांच्या वहीत डोकावून पाहिलं, "बरं," म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

आठ, सात, ६.९६ की ६.९८?

यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी 'प्रश्न' असा दिला, तेव्हा परीक्षेतला प्रश्न कुणाच्या डोळ्यांपुढे आला नसावा. तो दिवाळी अंकात शोभण्याइतका प्रतिष्ठित नाही. पण महाराष्ट्रात अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुलांच्या घरी दोन वर्षं दुसऱ्या कुठल्या प्रश्नावर बोलणंच होत नाही. टेस्ट सिरीज, डीपीपी, पीवायक्यू, निगेटिव्ह मार्किंग ही त्या घरांची भाषा. त्यातलं रसायनशास्त्र म्हणजे मधलं भावंड. भौतिकशास्त्राचा दरारा त्याला नाही, गणिताचा मान नाही. 'पाठ केलं की मार्क देतं' अशी ख्याती मात्र आहे.

ही ख्याती किती खरी, हे पाहायचं तर एक जुनापुराणा प्रश्न घ्यावा. पिढ्यान्‌पिढ्या तो विचारला जातो आणि अजून मुलांना पाडतो. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणाची संहती दहाचा उणे आठवा घात मोल प्रति लिटर आहे. त्याचा सामू किती?

सामू म्हणजे हायड्रोजन आयनांच्या संहतीतला तो घात, उणे चिन्ह काढून. सूत्र पाठ असलेला मुलगा दोन सेकंदांत आठ लिहितो. सूत्र त्याने बरोबर वापरलं आहे, आकडेमोडही बिनचूक. फक्त आम्लाचा सामू सातच्या वर गेला, म्हणजे पाण्यात आम्ल टाकल्यावर द्रावण आम्लारीधर्मी झालं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्याच्या ध्यानात येतं. आम्ल फारच थोडं, तेव्हा धरू नये, असं म्हणून तो सात लिहितो. तिसरा आणखी खोलात जातो. पाणी स्वतःही थोडं विघटित होतं, त्याचे दहाचा उणे सातवा घात एवढे हायड्रोजन आयन आधीच आहेत. त्यांत आम्लाचे मिळवले की उत्तर ६.९६. चौथ्याला कळतं की आम्लाचे आयन आल्यावर पाण्याचं विघटन किंचित मागे हटणार, नुसती बेरीज चालणार नाही. तो छोटं वर्गसमीकरण मांडतो आणि ६.९८वर पोचतो.

६.९६ आणि ६.९८ यांतला फरक प्रयोगशाळेत कुणी मोजायला जात नाही. पण प्रश्न काढणाऱ्याच्या दृष्टीने हे चार आकडे म्हणजे चार वेगळी डोकी आहेत. बहुपर्यायी प्रश्नातला चुकीचा पर्याय म्हणजे चकवा, आणि चांगला चकवा हवेतून काढता येत नाही. मुलं खरोखर कुठे घसरतात ते पाहून, त्या घसरणीच्या टोकाशी जो आकडा येतो तो पर्यायात ठेवायचा. वाईट प्रश्नपत्रिकेत तीन पर्याय भरतीचे असतात. रसायनशास्त्र न येणारा मुलगाही ते 'एलिमिनेट' करून सुटतो. क्लासमध्ये ही विद्या रीतसर शिकवली जाते आणि ती शिकवणाऱ्याला दोष देता येत नाही. दोष पर्याय भरणाऱ्याचा.

उत्तर तपासणारं यंत्र आलं आणि प्रश्नांचा घाटच बदलला. आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेत २००५ पर्यंत मुलांना मुख्य फेरीत उत्तरं लिहून काढावी लागत. २००६ पासून ती सगळी वस्तुनिष्ठ झाली. मग एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असलेले प्रश्न, जोड्या लावण्याचे प्रश्न, नुसता आकडा भरायचे प्रश्न अशा वाटा काढल्या गेल्या. लाखो मुलांचे पेपर हाताने तपासता येत नाहीत, हे मान्यच. पण ६.९६ लिहिणाऱ्याला आठ लिहिणाऱ्याइतकेच गुण मिळतात, हेही त्याचबरोबर आलं. राज्याच्या सीईटीत तर चुकीला दंडही नाही. तिथे आठ काय नि ६.९६ काय, दोघांना सारखाच भोपळा.

थळचा कारखाना आणि लंगडा नियम

अकरावीच्या पुस्तकात ले शातेलिए याचं तत्त्व असतं. या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने ते १८८४ साली मांडलं. समतोलातल्या व्यवस्थेला तुम्ही एका बाजूने ढकललं की ती त्या ढकलण्याचा परिणाम कमी होईल अशा दिशेने सरकते. मुलांना हा नियम आवडतो, कारण तो स्वभावाच्या वर्णनासारखा वाटतो. नायट्रोजन आणि हायड्रोजन यांपासून अमोनिया होतो. नायट्रोजन वाढवला की अभिक्रिया पुढे, अमोनिया वाढवला की मागे. दाब वाढवला की जिथे रेणूंची संख्या कमी तिकडे, म्हणजे अमोनियाकडे. चार ओळींत धडा संपतो.

अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्सचा खतकारखाना आहे. तिथे हीच अभिक्रिया रात्रंदिवस चालते, कारण युरियासाठी अमोनिया लागतो. अशा कारखान्यात एका फेरीत सगळा वायू अमोनियात बदलत नाही. उरलेला परत फिरवून आत सोडतात. त्याच्याबरोबर आरगॉन आणि मिथेनसारखे न बदलणारे वायूही फिरत राहतात, साचत जातात. म्हणून थोडा वायू सतत बाहेर सोडून द्यावा लागतो. प्रश्न असा: आरगॉन कशातच भाग घेत नाही, मग तो साचला तर बिघडलं कुठे?

यावर 'काहीच फरक पडत नाही' असं उत्तर देणारी मुलं पुष्कळ. बंद, घट्ट भांड्यात आरगॉन सोडला तर ते खरंही आहे. बाकीच्यांचे अंशदाब तेवढेच राहतात. पण एकूण दाब कायम ठेवला असेल, तर आरगॉन आपली जागा मागतो, बाकीच्यांचे अंशदाब उतरतात आणि अभिक्रिया रेणू जास्त असलेल्या बाजूला, म्हणजे मागे सरकते. अमोनिया कमी होतो. 'आकारमान कायम' की 'दाब कायम' या दोन शब्दांत उत्तर उलटतं. पेपर काढणारे हे दोन शब्द वाक्याच्या शेवटी, जिथे डोळा आधीच पर्यायांकडे पळालेला असतो तिथे ठेवतात. ही जागा त्यांनी मुद्दाम निवडली असावी, अशी शंका येते.

त्याहून पुढचा प्रश्न खरा सुंदर. दाब आणि तापमान कायम ठेवून भांड्यात आणखी नायट्रोजन सोडला, तर अभिक्रिया कुठे सरकेल? ज्याने नियम पाठ केला आहे तो 'पुढे' म्हणेल. हिशेब करून पाहू. भांड्यात समतोलाला ६ मोल नायट्रोजन, १ मोल हायड्रोजन, १ मोल अमोनिया, एकूण ८. आणखी २ मोल नायट्रोजन घातला; एकूण झाले १०, नायट्रोजन ८. समतोलाच्या गुणोत्तरात अमोनियाचा अंशदाब वर असतो, दोन घातांनी; खाली नायट्रोजनचा एका घाताने आणि हायड्रोजनचा तीन घातांनी. दाब कायम असल्यामुळे एकूण मोल वाढले की या गुणोत्तरात त्याचा वर्ग वर येतो. वर्ग वाढला १०० भागिले ६४ पटीने, म्हणजे सुमारे १.५६. नायट्रोजनमुळे खालची बाजू वाढली फक्त ८ भागिले ६, म्हणजे १.३३ पटीने. गुणोत्तर समतोलापेक्षा सुमारे १७ टक्के मोठं झालं. ते उतरायला हवं, तर अमोनिया मोडला पाहिजे.

नायट्रोजन घातला आणि अभिक्रिया मागे गेली. मिश्रणात नायट्रोजन निम्म्याहून जास्त असेल तेव्हा असंच होतं. घातलेला नायट्रोजन हायड्रोजनला इतका विरळ करून टाकतो की ढकलण्यापेक्षा पातळ होण्याचा परिणाम मोठा ठरतो. नियम खोटा ठरला असं नाही. 'वाढवला की पुढे' हा त्याचा पाठांतरातला आखूड अवतार तेवढा तोकडा पडला. सूत्र न वापरता नुसत्या शब्दांवर विसंबलेला विद्यार्थी इथे हमखास पडतो, आणि गंमत म्हणजे कधीकधी पुस्तक लिहिणाराही.

अशा प्रश्नाला आकडेमोड पाचवीची लागते. 'अवघड' हा शब्द आपल्याकडे लांबलचक भागाकार, विचित्र दशांश आणि तीन एककांच्या गुंतावळ्यासाठी सर्रास वापरतात. तो घाम रसायनशास्त्राचा नव्हे.

ठिपक्यांची चित्रं

१९८७ साली अमेरिकेत नुरेनबर्न आणि पिकरिंग या दोन अभ्यासकांनी एक साधी तपासणी केली. महाविद्यालयात नुकतंच रसायनशास्त्र शिकू लागलेल्या मुलांना वायूंचे दोन तऱ्हेचे प्रश्न दिले. एक नेहमीचा: दाब, आकारमान, तापमान देऊन उरलेला आकडा काढा. दुसरा चित्रांचा. पोलादी टाकीत हायड्रोजन वायू आहे, २० अंशांवर; त्याचे रेणू ठिपक्यांनी दाखवले आहेत, सगळीकडे विखुरलेले. टाकी उणे २० अंशांपर्यंत थंड केली. आता ठिपके कसे दिसतील?

आकड्यांचे प्रश्न सुटले. चित्रात मुलं अडखळली. ठिपके तळाशी साठलेलं चित्र, मधोमध गोळा झालेलं चित्र त्यांना पटलं. वास्तविक हायड्रोजन उणे २५३ अंशांच्या आसपास द्रव होतो. उणे २० त्याच्या दृष्टीने चांगलं उबदार आहे. तो अजून वायूच आहे आणि वायू भांडं भरूनच राहतो. ठिपके होते तसेच, सगळीकडे. दाब तेवढा कमी.

समीकरण सोडवता येणं आणि आत काय चाललं आहे ते दिसणं, या दोन गोष्टी एकाच डोक्यात शेजारी राहूनही एकमेकींना ओळखत नाहीत, हे त्या अभ्यासाने ढळढळीत दाखवलं. आपल्याकडच्या कुठल्याही वर्गात ही चित्रं काढून पाहावीत. उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत काय असतं, हा त्याचाच धाकटा भाऊ. 'हवा' आणि 'हायड्रोजन, ऑक्सिजन' ही उत्तरं बारावीतही मिळतात. बुडबुड्यांत पाण्याचीच वाफ असते, हे ज्यांच्या घरी रोज चार वेळा चहा होतो त्यांनाही सांगावं लागतं.

मानखुर्दची वाट

मुंबईत मानखुर्दला, अणुशक्तीनगरच्या शेजारी, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हे केंद्र १९७४ साली सुरू झालं. देशातली रसायनशास्त्र ऑलिंपियाडची निवड इथे होते. नोव्हेंबरात पहिली बहुपर्यायी चाळणी, नव्या वर्षाच्या सुरुवातीला लेखी उत्तरांची राष्ट्रीय परीक्षा, उन्हाळ्यात या केंद्रात निवडक मुलांचं शिबिर. शेवटी चौघांचा संघ.

आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिंपियाड १९६८ साली प्रागमध्ये तीन देशांत सुरू झालं: चेकोस्लोव्हाकिया, पोलंड आणि हंगेरी. भारत १९९९ साली बँकॉकला पहिल्यांदा उतरला आणि दोनच वर्षांनी, २००१ मध्ये, मुंबईने यजमानपद भूषवलं. तिथे दोन पेपर असतात, लेखी आणि प्रात्यक्षिक, प्रत्येकी पाच तासांपर्यंत. गुणांची वाटणी साठ आणि चाळीस. कोविडच्या काळात, २०२० ते २०२२, प्रात्यक्षिक घेताच आलं नाही. नुसत्या लेखीवर पदकं द्यावी लागली. ज्यांचे हात चांगले होते त्या मुलांवर तो अन्यायच झाला.

परीक्षेआधीच्या रात्री मुलांपेक्षा शिक्षकांची झोप उडते. प्रश्न पाहिलेल्या मार्गदर्शकांना मुलांपासून वेगळं ठेवतात, मुलांचे फोन काढून घेतात. मग सगळ्या देशांचे मार्गदर्शक प्रश्नाच्या एकेका शब्दावर भांडतात आणि पहाटेपर्यंत आपापल्या भाषेत भाषांतर करतात. एक शब्द कमी-जास्त झाला तर उत्तर बदलतं, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्याकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांना हे जास्त कळावं. दहावीपर्यंत आम्लारी, क्षार, अवक्षेप म्हणणारी ही मुलं अकरावीच्या जूनमध्ये एकदम बेस, सॉल्ट, प्रेसिपिटेट म्हणू लागतात आणि पहिली घटक चाचणी भाषांतरातच संपते.

ऑलिंपियाडच्या धाटणीचा प्रश्न कसा असतो? एक नमुना पाहू. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइड घातलं की द्रावण तपकिरी होतं, आयोडीन मोकळं होतं; त्याचं हायपोने अनुमापन करून तांबं मोजतात. आता विद्युतअग्र विभवांचा तक्ता उघडा. तांब्याचा दोनवरून एकवर येण्याचा विभव सुमारे ०.१५ व्होल्ट, आयोडीनचा सुमारे ०.५४. या आकड्यांवरून तांब्याने आयोडाइडकडून इलेक्ट्रॉन घेणं शक्यच नाही. तरीही नळी तपकिरी झाली आहे. तक्ता खोटा की डोळे?

दोन्ही खरे. तयार झालेलं एकसंयुजी तांबं द्रावणात राहतच नाही; आयोडाइडबरोबर ते क्युप्रस आयोडाइड होऊन पांढरट साक्यासारखं खाली बसतं. ते द्रावणातून निघून गेल्यामुळे विभव ०.८६ व्होल्टच्या घरात चढतो आणि अभिक्रिया सहज होते. विद्युत रसायन, विद्राव्यता आणि अनुमापन हे तीन धडे पुस्तकात लांबलांब असतात. नळीत ते एकाच वेळी घडतात.

बारावीच्या व्हायवातही असा एक प्रश्न दडलेला आहे; परीक्षक तो क्वचितच विचारतात. ऑक्झॅलिक आम्ल गरम करून त्यात ब्युरेटमधून परमँगनेट सोडताना पहिल्या थेंबाचा गुलाबी रंग रेंगाळतो, जाता जात नाही. नंतरचे थेंब मात्र पडताक्षणी विरतात. का? पहिल्या थेंबातून जे मँगनीज आयन तयार झाले, तेच पुढच्या अभिक्रियेचे उत्प्रेरक बनले. हे दरवर्षी हजारो मुलांच्या डोळ्यांदेखत घडतं. जर्नलमध्ये मात्र तीन रीडिंगं आणि एक कॉन्स्टंट रीडिंग, एवढंच उतरतं.

पुन्हा नळी क्रमांक एक

चार वाजत आले. बहुतेक जोड्यांनी उत्तरं देऊन हात धुतले. खिडकीजवळची जोडी अजून तिथेच आहे. वहीत एवढं ठरलं आहे: दोन नंबर बेरियम, कारण तिने दोन अवक्षेप दिले. एक नंबर आम्ल, कारण तिने कशालाच दाद दिली नाही. तीन आणि चार यांत कार्बोनेट कोणतं, सल्फेट कोणतं, ते कळत नाही. दोन्हींचे अवक्षेप पांढरे, सारखेच, समोरच्या दोन नळ्यांत तळाशी बसलेले.

"बुडबुडे आलेच नाहीत, मॅडम. आमचं आम्ल खराब आहे."

"खराब आहे की नाही, ते कशावर टाकून बघशील?"

मुलगा गप्प. मुलीने मात्र त्या दोन अवक्षेपांकडे पाहिलं. ड्रॉपर एक नंबरच्या नळीत बुडवला आणि तिसऱ्या नळीच्या अवक्षेपावर दहा-बारा थेंब सोडले. तो ढिम्म हलला नाही. मग चौथ्यावर. बारीक फेस आला, पांढरा गढूळपणा वरून खाली विरत गेला आणि नळी स्वच्छ झाली.

"बेरियम कार्बोनेट," ती म्हणाली. "विरघळलं. सल्फेट आम्लात विरघळत नाही. म्हणजे चार कार्बोनेट, तीन सल्फेट."

"मग एक आणि चार मिसळल्यावर मघाशी बुडबुडे का आले नाहीत?" मॅडमनी विचारलं. उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. मामांना कपाट उघडायला सांगायला गेल्या.

मुलाने चार नंबरच्या अर्ध्या नळीकडे पाहिलं, मग ड्रॉपरकडे. कार्बोनेट एवढं, आणि आम्लाचे थेंब पाच. वहीत त्याने समीकरण लिहिलं. कार्बोनेटला एकच हायड्रोजन आयन मिळाला, म्हणजे झालं बायकार्बोनेट, तिथेच थांबलं. कार्बन डायऑक्साइडपर्यंत पोचायला दुसरा आयन हवा होता. फळ्यावर 'ॲड इन एक्सेस' असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. एरवी तक्त्यात ते प्रत्येक ओळीत असतं.

त्याने रिकामी नळी घेतली. या वेळी आधी आम्ल ओतलं, दोन बोटं. मग ड्रॉपरमध्ये चार नंबरचं द्रावण भरून घेतलं आणि वरून एक थेंब सोडला. फस्सकन आवाज झाला.

"मामा, दोन मिनिटं," तो ओरडला. "अजून एकदा करतो."